अस्सल बरहुकूम नक्कल

अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत, योगेश्वरीच्या देवळाकडे उतरणाऱ्या एका अरुंद बोळात, दगडी जोत्याचा एक वाडा आहे. त्याचा मागचा चौक केव्हाच पडला, पुढची माडी तेवढी राहती उरली, आणि त्या माडीवरच्या लांबट खोलीत, शहाबादी फरशीवर अंथरलेल्या सतरंजीवर बसून, मी गेली बारा वर्षे दर शनिवारी संध्याकाळी गाणे ऐकत आलो आहे. वाड्याचे धनी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. सारी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. शनिवार हा वार त्यांनी आपल्या मर्जीने ठरवलेला नाही, तो त्यांना बालपणाने नेमून दिला आहे. १९५२ साली आकाशवाणीने शनिवारच्या रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा निजामाची राजवट जाऊन चारच वर्षे झाली होती, गाव कागदोपत्री अजून मोमिनाबादच होते, आणि ज्या दोन-चार घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ होता त्यांत हे एक घर होते. दहा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मांडीला टेकून, मध्येच विरणाऱ्या आणि मध्येच उसळून येणाऱ्या त्या लहरींतून ख्याल ऐकत असे. रात्र वाढली की मागे कुठल्या तरी परक्या केंद्राची भाषा कुजबुजू लागे, तीही त्याने गाण्याबरोबर ऐकून घेतली.

खोलीत एक जुना रेकॉर्डप्लेअर आहे, त्याच्याच पेटीत बसवलेला एक लहान स्पीकर आहे, भिंतीच्या फडताळात तबकड्या उभ्या लावलेल्या आहेत, आणि कोपऱ्यात, गवसणी घातलेला, मिरजेहून आणलेला तंबोरा आहे. तो मामींचा. मामी जाऊन आठ वर्षे झाली आणि तेव्हापासून त्याची गवसणी कोणी काढली नाही.

मामांचा सख्खा भाचा माझा विद्यार्थी. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात तो अभियंता आहे, आणि जी बारकाई नोकरीत यंत्रांच्या वाट्याला येते तीच घरी आल्यावर आवाजाच्या वाट्याला यावी असा त्याचा स्वभाव. गेल्या काही वर्षांत त्याने वाचून, मोजून, स्वतःच्या हाताने लाकूड कापून स्पीकरच्या दोन पेट्या तयार केल्या. एका शनिवारी त्या मोटारीत घालून त्याने मामांच्या माडीवर आणल्या, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, जुन्या तबकडीवरून उतरवून संगणकावर साफ केलेली, मामांना ऐकवली. त्या संध्याकाळी जो वाद सुरू झाला तो पुढचे तीन शनिवार चालला. दोघेही मला प्रिय, आणि दोघेही ज्या गोष्टीबद्दल बोलत होते तिच्यावाचून माझेही आयुष्य दरिद्री झाले असते. म्हणून तो वाद मला आठवतो तसा इथे मांडतो आहे.

ठुमरी संपली तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, फार स्वच्छ झाले. पाहुणे उठून गेल्यावर ओटी झाडून घेतात, तशी स्वच्छ."

भाच्याला ते लागले असावे. तो म्हणाला, "मामा, मी काढली ती खरखर खाँसाहेबांची नव्हती, लाखेची होती. तबकडी लाखेची, तिच्यात भुकटी मिसळलेली, वर शेकडो वेळा पोलादी सुई फिरलेली. तुम्ही साठ वर्षे त्यांच्या गळ्याबरोबर ते घर्षण ऐकलेत आणि त्याचीही सवय लावून घेतलीत."

"खरखर गेली याची माझी तक्रार नाही. तिच्याबरोबर आणखी काय गेले, ते मी विचारतो आहे. खाँसाहेब स्वर सोडताना तो एकदम टाकीत नसत, हातातले पाखरू सोडावे तसा सोडीत. ते सोडणे आता ऐकू येत नाही."

इथे माझ्या विद्यार्थ्याचा प्रामाणिकपणा मला दिसला, कारण त्याने क्षणभर विचार करून हे कबूल केले. स्वर विरत जातो तेव्हा शेवटी शेवटी तो खरखरीइतकाच क्षीण होतो, आणि यंत्राला दोहोंतला भेद कळत नाही. खरखर कापावयाला लावलेली कात्री स्वराचे शेपूटही कापते. "माझा हात जड पडला," तो म्हणाला.

मामांनी मग जे सांगितले ते त्यांच्या चाळीस वर्षांच्या चाकरीतून आलेले होते. न्यायालयात नकलेसाठी अर्ज येतो, मुद्रांक लागतो, नक्कलनवीस नक्कल लिहून काढतो. पण ती तेवढ्याने पक्षकाराच्या हाती पडत नाही. एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे, याला रुजवात म्हणतात. ती झाल्यावरच 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा पडतो आणि खाली शिक्का उठतो. "आणि मूळ कागद वाळवीने खाल्लेला असेल," मामा म्हणाले, "तर तिथे जागा सोडून 'कागद खराब' असे लिहायचे. अक्षर अंदाजाने भरायचे नाही. एका नवशिक्या कारकुनाने एकदा असे अक्षर भरले. वाक्य सुंदर झाले, आणि एका विधवेच्या शेताची हद्द चार हात सरकली. खाली माझी सही होती. रुजवात मी घेतली होती, झोपेच्या डोळ्यांनी. तुझ्या या ठुमरीतही मला तसेच कोणीतरी अक्षर भरल्यासारखे वाटते."

मला वाटते, पाश्चात्त्यांनी उत्तम ध्वनियंत्रांसाठी निष्ठा या अर्थाचा जो शब्द रूढ केला, त्याला आपल्या दप्तरातला हा जुना शेरा अधिक नेमका पर्याय आहे. कारण निष्ठा ही भावना असू शकते, पण अस्सल बरहुकूम म्हटले की अस्सल कुठे आहे, ते कोणी पाहिले आणि रुजवात कोणी घेतली, हे तीन प्रश्न आपोआप समोर येऊन उभे राहतात.

भाच्याने पुढच्या शनिवारी हाच धागा उचलला, आणि मी त्याच्या तोंडून ऐकलेल्या युक्तिवादांत हा सर्वांत बळकट होता. "मामा, तुम्हाला अस्सल हवे ना? मग एक सांगतो. जुन्या तबकड्यांना आपण मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सर्वच त्या वेगाने ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. कोणी त्याहून सावकाश, कोणी त्याहून भरभर, आणि पुष्कळदा नेमका वेग कोणी टिपूनही ठेवला नाही. समजा, एखादी तबकडी चौऱ्याहत्तर फेऱ्यांनी मुद्रित झाली आणि तुमच्या यंत्राने ती अठ्ठ्याहत्तरने फिरवली. गायकाचा षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतो, लय घाईची होते, आणि गळा होता त्याहून कोवळा, पातळ वाटू लागतो. म्हणजे ज्या आवाजावर तुम्ही जन्मभर जीव टाकलात तो आवाज त्या माणसाच्या कंठात कधी नव्हताच. हे शोधून काढणे हा यंत्राचा नाद आहे की त्या गवयाविषयीचा आदर आहे?"

मामा गप्प झाले. खिडकीबाहेर देवळातली सांजआरती चालू होती. ते उठले, फडताळातून एक तबकडी काढून तिच्यावरचा कागद बोटाने पुसत राहिले, आणि मग हळूहळू बोलू लागले. "तू म्हणतोस ते खरे असेल तर मला वाईट वाटते. खरेच वाटते. पण एक गोष्ट त्या वेगाने हलत नाही. षड्ज कुठेही धर, काळी एकमध्ये धर नाहीतर काळी चारमध्ये, पंचम त्याच्या दीडपटीवरच उभा राहणार. तबकडी भरभर फिरली तर दोघेही मिळून वर जातील, पण एकमेकांचा हात सोडणार नाहीत. आपले गाणे कुठल्या एका ठरलेल्या उंचीवर बांधलेले नाही, ते या नात्यांवर बांधलेले आहे. खाँसाहेबांनी कोमल निषादाला जिथे स्पर्श केला, ती जागा वेग चुकला तरी षड्जापासून तितक्याच अंतरावर राहते. म्हणून माझ्या वडिलांच्या चावीच्या फोनोग्राफवर, चावी उतरत आली की गाणे खाली खाली घसरायचे, तरी राग मोडायचा नाही."

"स्वरांची नाती राहतात," भाचा म्हणाला, "पण माणूस राहत नाही. गळ्याचा पोत, 'आ'काराचा उघडेपणा, हे उंचीबरोबर बदलते. तुम्ही झिंझोटी ऐकलीत, खाँसाहेब नाही ऐकलेत."

या दोन वाक्यांमध्ये मी बराच काळ अडकून पडलो होतो, आणि अजूनही पुरता सुटलो आहे असे म्हणवत नाही. राग हवा की माणूस हवा, असा प्रश्न केला तर मैफलीत बसलेला कोणीही दोन्ही हवे असे म्हणेल. पण घरात, यंत्रापुढे, आपल्याला प्रत्येक वेळी थोडे एक आणि थोडे दुसरे सोडावे लागते. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान पहिल्यांदा कर्ण्यापुढे बसल्या, तेव्हापासून आपल्या संगीताने ही तडजोड पत्करली आहे: तासाचा ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत आला, विजेचा मायक्रोफोन १९२५ साली येईपर्यंत गवयाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागले, तबल्याला मागे बसावे लागले, आणि खर्जाला व अतितार ध्वनींना तर त्या लाखेत जागाच नव्हती. अस्सल म्हणून जे आपण शोधतो ते त्या खोलीतसुद्धा अपुरेच होते. गवयाने आपले गाणे आधीच कापून, मुडपून, तबकडीच्या मापाचे करून आणलेले होते. आणि तरी त्या साडेतीन मिनिटांत बसवलेल्या केसरबाई केरकरांच्या भैरवीला १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत स्थान मिळाले. यान निघाले त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, गोव्याच्या केरी गावात जन्मलेली ही मानिनी निवर्तली. मी हे मामांच्या बाजूचे उदाहरण म्हणून सांगितले, तर भाच्याने ते लगेच आपल्याकडे ओढून घेतले. "गुरुजी, त्या लोकांनी तबकडीबरोबर सुईही पाठवली. एका फेरीला किती काळ लागावा, हेही आवरणावर खुणांनी कोरून ठेवले. लाखो वर्षांनी ऐकणारा कोणी भेटलाच तर त्याने ती चुकीच्या वेगाने ऐकू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली." मला त्याचे म्हणणे मान्य करावे लागले.

मामांनी मग भीमसेन जोशींची साक्ष काढली. ती निघणार हे मला ठाऊकच होते. गदगला एका दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून तो मुलगा वेडा झाला आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. "दुकानातला फोनोग्राफ," मामा म्हणाले, "रस्त्यावरचा गलबला, झिजलेली सुई. काय मोठे उपकरण होते तिथे? पण जे पोचायचे ते पोचले."

"पोचले, आणि म्हणून तो त्या दुकानासमोर बसून राहिला नाही," भाचा म्हणाला. "ग्वाल्हेर, जालंधर अशी भटकंती करून शेवटी कुंदगोळला, खाँसाहेबांच्याच शिष्यापाशी, सवाई गंधर्वांपाशी आला. ती तबकडी म्हणजे समन्स होते, मामा. समन्स मळकट कागदावर असले तरी चालते. पण हजर व्हावे लागते कोर्टात."

शिरस्तेदारांच्या घरात हा दृष्टान्त देण्याचे धैर्य मला फार आवडले, आणि मामांच्या चेहऱ्यावरही क्षणभर तेच उमटलेले मी पाहिले.

पण वादाला खरी धार आली ती ऊसतोडीच्या विषयावर. दसरा झाला होता आणि केज-धारूरच्या अंगाने रोज रात्री ट्रॅक्टर निघत होते. एकेका ट्रॉलीत चार-पाच बिऱ्हाडे, वर कोंबड्यांच्या पाट्या, भांडी, सरपण, पोरे, आणि दर ट्रॅक्टरवर कुठेतरी बांधलेला एक स्पीकर, ज्यातून भक्तिगीत किंवा लोकगीत फाटक्या आवाजात वाजत असते. कारखान्याच्या वाटेवर रात्र काढणाऱ्या माणसांना ते गाणे सोबत करते. मामांनी एका पहाटे पाहिलेली एक बाई सांगितली: ट्रॉलीच्या कडेला, मूल पदराखाली घेऊन बसलेली, त्या गाण्याबरोबर ओठ हलवणारी. "तिच्या ऐकण्यात काही उणे होते असे म्हणशील का तू? तिला तुझ्या पेट्या दिल्या असत्या तर ती अधिक ऐकणार होती का?"

भाच्याचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला. "मामा, तिच्या ऐकण्यात उणे नव्हते. तिला जे ऐकवले त्यात होते. तिला चांगला आवाज मिळाला नाही हे आपल्या जिल्ह्याचे दैन्य आहे, त्याला गुण म्हणू नका. पाणी गढूळ असले तरी तहान भागते. म्हणून कोणी गढूळ पाणीच बरे असे म्हणते का? चांगला आवाज हा श्रीमंतांचा शौक होऊन बसला आहे, याचा मला राग येतो. मी स्वतः लाकूड कापून पेट्या केल्या त्या याचसाठी, की शिकवल्यास त्या कोणालाही करता याव्यात."

याला मामांनी उत्तर दिले नाही. मीही देऊ शकलो नाही. रसिकतेची बाजू घेणारे आपण लोक कित्येकदा नकळत असे करतो: ज्याच्यापाशी काही नाही त्याच्या समाधानाचा दाखला काढतो, आणि त्या दाखल्यावर त्याची संमती मात्र घेत नाही.

त्यानंतर भाचा शांत झाला आणि आपल्या बाजूची एक दुबळी गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्याने स्पीकरला जोडायच्या तारा पगाराचा मोठा हिस्सा खर्चून मागवल्या होत्या. महिनाभर त्याला आवाज उघडल्यासारखा वाटला. मग एका मित्राला त्याने सांगितले की माझ्या डोळ्यांवर पट्टी बांध, आणि नवी तार लाव किंवा साधी लाव, मला सांगू नकोस. त्याला एकदाही खात्रीने ओळखता आले नाही. "तेव्हा मला कळले," तो म्हणाला, "की मी महिनाभर गाणे ऐकत नव्हतो, पावती ऐकत होतो." १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवरसुद्धा दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेऊन ठेवलेले असते, तरुण कानाची धाव सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत, आणि वय वाढेल तशी ती वरून खाली येते, त्यापलीकडे पैसा ओतून काय मिळते, याचा त्याने स्वतःपुरता फैसला करून टाकला होता. ज्या गोष्टीने खरोखर फरक पडला ती फुकटची होती. मामांच्या खोलीत दगडी भिंती आणि फरशी यांच्यामुळे शब्द घुमत. त्याने घरातल्या चार जुन्या गोधड्या मागच्या भिंतीला टांगल्या, फडताळाची दारे उघडी ठेवली, आणि स्वर एकमेकांवर सांडायचे थांबले. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकाने हेच केले होते: रात्रीच्या वेळी दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या व्याख्यानगृहात वाहून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आणि नाद विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. गोधडीने गाणे सुधारते हे शास्त्र तिथून निघाले. दासोपंतांनी जिथे पासोडीवर ग्रंथ लिहिला त्या गावात कापडाचा हा आणखी एक उपयोग मला मनापासून शोभून दिसला.

तिसऱ्या शनिवारी आम्ही पखवाजावर आलो, आणि इथे मला माझे स्वतःचे मत सापडले.

आपेगाव अंबाजोगाई तालुक्यातच आहे. पैठणजवळचे, ज्ञानदेवांचे, ते निराळे. या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकऱ्यांच्या भजनातल्या मृदंगापासून मैफलीतल्या पखवाजापर्यंत पोचले आणि पद्मश्रीने गौरवले गेले. मामांनी त्यांचा पखवाज लहानपणी सप्ताहात, मंडपात, चार हातांवरून ऐकलेला. डाव्या पुडीला ओली कणीक लावलेली, आणि तिच्यावर थाप पडली की ती कानाला ऐकू येण्याआधी छातीला कळायची, बसलेल्या जमिनीतून वर यायची. "आता सप्ताहात खांबाखांबाला कर्णे बांधतात," मामा म्हणाले. "त्यांतून उजव्या पुडीचा टणत्कार तेवढा येतो. डावी पुडी गायबच. पण मी कर्ण्यातून ऐकताना मला ती ऐकू येते. मी ती भरून घेतो. मग मला तुझ्या मोठ्या पेट्यांची गरज काय?"

भाच्याने यावर जे सांगितले ते मला नवे होते. तंबोऱ्याची खर्जाची तार लहान रेडिओच्या स्पीकरमधून खरे म्हणजे येतच नाही. तेवढी मंद कंपने त्या कागदी शंकूला पेलत नाहीत. पण तिच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची कंपने येतात, आणि त्यांच्या पटीवरून कान मूळ स्वर स्वतः उभा करतो. हे प्रत्येक माणसाच्या बाबतीत घडते, त्याला शिकावे लागत नाही. "म्हणजे राष्ट्रीय कार्यक्रमात तुम्ही खर्ज ऐकलात तो आकाशवाणीने दिलेला नव्हता, तुमच्या कानाने दिलेला होता. पण मामा, पखवाजाच्या डाव्या थापेचे असे नाही. त्या धक्क्याला पटीतली माळ नसते, म्हणून कानाला तो हिशेब जुळवता येत नाही. ती थाप तुम्ही भरून घेता ती कानाने नाही, आठवणीने. मी सप्ताह ऐकला तो कर्ण्यातूनच. माझ्यापाशी भरायला काही नाही. माझ्या पिढीला डावी पुडी म्हणजे काय हे ठाऊकच नाही, आणि मोठी पेटी नसेल तर कधी ठाऊक होणार नाही."

मामा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मला वाटते, भाचा यंत्रांच्या मागे का लागला आहे, हे त्यांना त्या क्षणी उमगले. मामांच्या ऐकण्याला खरखरीची, चुकीच्या वेगाची, फाटक्या कर्ण्याची पर्वा नाही, कारण त्यांच्यापाशी अस्सल कागद आहे; समोर कितीही वाळवी लागलेली नक्कल आली तरी ते मनातल्या मनात रुजवात घेतात आणि गळालेली अक्षरे त्यांना तिथल्या तिथे वाचता येतात. ज्याने अस्सल पाहिलेलेच नाही त्याच्या हाती फक्त नक्कल असते, आणि मग ती निर्दोष असावी हा त्याचा ध्यास चैनीचा राहत नाही, तो एका वंचिताचा हक्क होतो. मात्र निर्दोष नकलेनेही हा वंचितपणा पुरता फिटत नाही, कारण रुजवातीला दोन कागद लागतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की चांगल्या पेट्या कराव्यात, जरूर कराव्यात, पण जिल्ह्यातल्या मंदिरांत, गडांवर, सप्ताहांत निदान एक प्रहर तरी कर्णे बंद ठेवून मृदंग उघड्या कानांना ऐकू द्यावा. तशी वहिवाट पडली तर पुढच्या पिढीला अंदाजाने अक्षर भरावे लागणार नाही. हे मी तिथे बोलूनही दाखवले. भाचा म्हणाला, "गुरुजी, मी येईन. पहिल्या ओळीत बसेन."

चौथ्या शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या हातात तबकडी नव्हती. मिरजेहून मागवलेल्या तारांची गुंडाळी आणि रेशमी दोऱ्याचे रीळ घेऊन तो आला होता. मामांना न विचारता तो कोपऱ्यात गेला आणि मग, हात गवसणीवर ठेवून, थांबला. मामांनी मान हलवली.

आठ वर्षांच्या तारा काळ्या पडल्या होत्या. त्याने त्या एकेक करून उतरवल्या, भोपळ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसली, खुंट्यांना खडू लावला, नव्या तारा चढवल्या. जोडाच्या तारा मिळाल्या, पंचम मिळाला, खर्जाने थोडा वेळ घेतला. पण तारा स्वरात आल्या तरी तंबोरा बोलत नव्हता. छेडले की स्वर उठे आणि लाकडासारखा खाली पडे. घोडीच्या किंचित बाकदार पाठीवर तार टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते, त्यातून तिच्या पोटातले सगळे वरचे स्वर बाहेर पडतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्यात या बाकाचा अभ्यास केला होता, असे तो दोरा तोडता तोडता मला सांगत होता. तो टेकण्या-सुटण्याचा बिंदू नेमका साधण्यासाठी तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवायचा असतो, तीच जवारी. त्याने दोरा घातला, तार छेडली, कान तारेशी नेला. दोरा मागे घेतला. पुन्हा छेडली. दिवेलागण झाली तरी कोणी दिवा लावला नाही. खोलीत त्याच्या पेट्या होत्या, मामांचा रेकॉर्डप्लेअर होता, भिंतीवर गोधड्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक तरुण माणूस दोऱ्याचे टोक बोटांत धरून अर्धा तास एका तारेशी बसला होता.

मामांनी डोळे मिटले होते. एकदा स्वर उठला आणि लगेच विझला नाही, खोलीत काही काळ गुणगुणत राहिला. भाच्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

"नाही," मामा म्हणाले. "अजून केसभर पुढे."